बाजार समित्यांचा डेटा एक्सेलमध्ये मावत नाही. स्पार्क शिकू, की सगळं एआयकडूनच करून घेऊ?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: मराठवाड्यातल्या बाजार समित्यांची सोयाबीन-तुरीची आवक आणि 1990 पासूनचं जिल्हावार पेरणीक्षेत्र, सगळं सीएसव्हीत, मिळून चारेक जीबी. कुणीतरी स्पार्क (अनेक कॉम्प्युटर जोडून प्रचंड डेटा हाताळणारं सॉफ्टवेअर) शिकायला सांगितलंय. आणि एआय क्वेरी (डेटाला विचारायचा प्रश्न) लिहून देतोय तर एसक्यूएल (ते प्रश्न लिहायची भाषा) शिकायचं कशाला?

एक्सेलच्या एका शीटमध्ये 10,48,576 च्या वर ओळी बसतच नाहीत, त्यामुळे त्याचा नाद सोडा. पण चार जीबीला स्पार्क लावणं म्हणजे दोन पोती सोयाबीन मोंढ्यावर न्यायला मालगाडी बोलावणं. डकडीबी हे डेटाबेस सॉफ्टवेअर घ्या. अ‍ॅमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या गणित-संगणकशास्त्राच्या संशोधन संस्थेतून 2019 मध्ये बाहेर आलेलं, फुकट. (पायथन या प्रोग्रामिंग भाषेचा जन्मही तिथलाच.) सर्व्हर लागत नाही, फाइल जिथं पडलीय तिथंच तिच्यावर एसक्यूएल चालवता येतं. डेटा एकदा पार्के फॉरमॅटमध्ये (त्यात प्रत्येक रकाना वेगळा साठवतात) साठवला की ते हवे तेवढेच रकाने वाचतं. रॅम कमी पडली तर बरीचशी कामं डिस्कचा आधार घेऊन उरकतं. साधा लॅपटॉप पुरे.

आता एआयचं. क्वेरी तो चांगली लिहितो, त्यात वाद नाही. समजा तुम्ही सांगितलं, परभणीचं सोयाबीन क्षेत्र वर्षवार काढ. आलेख येईल, आणि 1999 च्या आसपास रेघ धाडकन खाली आलेली दिसेल. का, म्हणून विचारा. पाऊस कमी, शेतकरी कापसाकडे वळले, असं काहीतरी छान सजवून सांगेल. प्रत्यक्षात 1 मे 1999 ला परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. क्षेत्र कुठंच गेलं नाही, फक्त दुसऱ्या नावाखाली मोजलं जायला लागलं. दोन्हींची बेरीज करून बघा, रेघ सलग येते का. हिंगोली कधी झाली हे थेट विचारलं तर एआयही सांगेल हो, पण ते विचारायचं सुचायला हवं ना! ते परभणीच्या माणसाला सुचेल.

असाच घोळ 2023 नंतरच्या फाइलींत. उस्मानाबाद आणि धाराशिव, औरंगाबाद आणि छत्रपती संभाजीनगर, एकाच जिल्ह्याच्या दोन-दोन ओळी. त्यात 'लातूर' आणि 'लातुर', डोळ्याला एकच, कॉम्प्युटरला दोन गावं. मग नावं जुळवायला तुम्ही वेगळा तक्ता करणार, त्यात 'बीड' चुकून दोनदा पडलं की जॉइननंतर, म्हणजे दोन तक्ते जोडल्यावर, बीडची आवक दुप्पट. एरर येत नाही, आकडाही अशक्य वाटत नाही. म्हणून जॉइनच्या आधी आणि नंतर ओळी मोजा, क्विंटलची एकूण बेरीज ताडून बघा. एवढं कळण्यापुरतं एसक्यूएल शिकाच, चार-सहा रविवारांचं काम आहे.

रिकाम्या जागांकडेही लक्ष ठेवा. बाजार बंद होता म्हणून आवक कोरी, की खरंच शून्य? एसक्यूएलची सरासरी कोऱ्या नोंदी वगळते. एआयने डेटा 'साफ' करताना तिथं शून्य भरलं तर तीच सरासरी खाली येते. क्वेरीत कोएलेस (COALESCE, कोऱ्या जागी दुसरी किंमत घालणारं फंक्शन) दिसलं की तिथं थांबून वाचा. आणि कुणी आकडे १२३ असे देवनागरीत टाइप केले असतील तर तो रकाना मजकूर म्हणून वाचला जातो, बेरीज अडते.

मूळ फाइलींना हात लावू नका. दुरुस्त्या सगळ्या क्वेरीतच करा, क्वेऱ्या एका फोल्डरमध्ये गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाखाली ठेवा, आणि धाराशिवची ओळ का बदलली हे शेजारी मराठीतच लिहून ठेवा.

स्पार्क पुण्यात डेटा इंजिनिअरची मुलाखत द्यायची असेल तर जरूर शिका, तिथं विचारतात.