आधी फोटोची पाठ वाचा

भाऊ, ती पेटी स्टुडिओवाल्याला देऊ नका. आधी एवढंच सांगतो, बाकीचं सावकाश वाचा.

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दारव्हा तालुक्यातला तुमच्या आजोळचा देशमुखी वाडा वाटणीनंतर पाडायला निघालाय. माडीवरच्या पेटीत सुटे फोटो, दोन अल्बम आणि काचेच्या काही पट्ट्या निघाल्या. तालुक्याचा स्टुडिओवाला म्हणतो, सगळं द्या, कॉम्प्युटरवर साफ करून, रंगीत करून स्मरणिका छापून देतो. फोटोंचं साल कसं काढायचं आणि घराण्याचा इतिहास कुठून सुरू करायचा, हे तुम्हाला हवंय. वऱ्हाडातल्या आणि वर्धेकडच्या काही वाड्यांतले असे संग्रह मी लावून दिलेत, त्यावरून लिहितो.

साफ करण्याला माझा विरोध का, ते आधी. पुसद भागातल्या एका वाड्यात एकाच गृहस्थांच्या एकाच फोटोच्या दोन प्रती पाहिल्या. लहान प्रत जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेली, छातीवर फितीला अडकवलेलं पदक. बैठकीत टांगलेली मोठी प्रत त्याच फोटोवरून वाढवलेली, पण तिच्यात पदकाच्या जागी कोट सपाट काळा रंगवलेला. उजेड तिरपा पाडला की ब्रशचे फटकारे दिसतात. घरातल्या थोरल्या काकूंना कारण माहीत होतं. ते रावसाहेब होते, म्हणजे इंग्रज सरकारचा किताब मिळालेले, आणि त्यांचा सख्खा पुतण्या जंगल सत्याग्रहात, म्हणजे इंग्रजांचा जंगल कायदा मोडण्याच्या चळवळीत, तुरुंगात गेला. तो सत्याग्रह बापूजी अण्यांनी जुलै १९३० मध्ये पुसदलाच सुरू केला होता. पुतण्या सुटून आल्यावर, इंग्रज सरकारचं पदक भिंतीवर नको, असं घरात ठरलं. त्या काळ्या डागात एका घरातला केवढा झगडा आहे! स्टुडिओवाल्यानं तो ‘खराबी’ समजून मिनिटभरात पुसून टाकला असता. रंगीत प्रती हव्या असतील तर नंतर स्कॅनच्या कॉपीवर हौसेनं करा. मूळ फोटो घराबाहेर जाऊ द्यायचा नाही.

पेटी उघडलीच आहे, तर आता काही उपसू नका. फोटो ज्या क्रमानं ठेवलेत तो क्रम कुणीतरी लावलेला असतो. एका लग्नाचे फोटो एका जुन्या पाकिटात असतील तर त्या पाकिटावरचं नाव, पोस्टाचा शिक्का, सगळं कामाचं. वरून खाली एकेक काढा, प्रत्येकाला क्रमांक द्या, आणि मोबाइलवर दोन फोटो घ्या, पुढून एक आणि मागून एक. क्रमांक मागच्या बाजूला कडेला, मऊ शिसपेन्सिलीनं, हलक्या हातानं. बॉलपेनचा दाब पुढे उमटतो आणि शाई उतरते. अल्बमची पानं सुटी करू नका.

आता साल. लोक चेहऱ्यावरून अंदाज बांधत बसतात आणि चुकतात. पाठ आधी वाचा. स्टुडिओचा शिक्का असेल तर त्यात गावापुढे काय लिहिलंय ते बघा, कारण आपला मुलूख कितीदा इकडून तिकडे गेला. अमरावती, अकोला, यवतमाळच्या शिक्क्यात ‘बेरार’ (वऱ्हाडाचं इंग्रजी नाव) किंवा ‘सी. पी. अँड बेरार’ (मध्य प्रांत आणि वऱ्हाड) असेल तर तो शिक्का १९५० च्या आधी बनलेला. ‘म. प्र.’ किंवा ‘एम. पी.’ असेल तर १९५० ते १९५६, कारण तेव्हा आपण मध्य प्रदेशात होतो आणि नागपूर राजधानी होती. १ नोव्हेंबर १९५६ पासून १ मे १९६० पर्यंत मुंबई राज्य. सहा आकडी पिनकोड दिसला तर १९७२ च्या नंतरचा. मागे किंमत लिहिली असेल तर आणे आहेत की नये पैसे ते बघा. नये पैसे १९५७ ला आले आणि १९६४ ला त्यातला ‘नये’ गेला. फक्त एक ध्यानात असू द्या. तालुक्याचा स्टुडिओवाला जुना शिक्का झिजेपर्यंत वापरतो, म्हणून शिक्क्यावरून ‘याच्या आधीचा नाही’ एवढंच पक्कं ठरतं.

मग कागद. पातळ, तपकिरी झालेला, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला आणि बारीक तडे गेलेला फोटो बहुधा एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाचा. काळ्या भागावर आरशासारखी चंदेरी झाक आली असेल तर तो बहुधा त्यानंतरचा, जिलेटिन आणि चांदीच्या थराच्या कागदावरचा. नक्षीसारखी कातरलेली किनार साधारण १९३० च्या दशकापासून १९६० च्या दशकापर्यंत चालली. वऱ्हाड १८५३ ला इंग्रजांकडे आला, १८६१ ते ६५ च्या अमेरिकेतल्या लढाईनं इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला, १८६७ ला रेल्वे नागपूरला पोचली. फोटो काढून घेण्याइतका पैसा आणि शहरात जायची सोय, दोन्ही इथूनच. त्यामुळे कुणी एखादा फोटो त्याच्याही आधीचा म्हणून सांगितला तर कागद नीट तपासा.

चित्रातल्या खुणांत पदक मोठं उपयोगी. रावसाहेब, रावबहादूर या किताबांची पदकं १९११ च्या दिल्ली दरबारापासूनची, आणि त्यावर राजाचा चेहरा असतो. पाचवा जॉर्ज १९३६ पर्यंत, सहावा त्यानंतर, हे भिंगाखाली कळतं. थोर माणसं सोबत असतील तर वरची मर्यादा आपोआप मिळते. गाडगेबाबा डिसेंबर १९५६ ला गेले, पंजाबराव देशमुख एप्रिल १९६५ ला, तुकडोजी महाराज ऑक्टोबर १९६८ ला. दिल्लीत प्रदर्शनाच्या कमानीखाली उभे असलेले शेतकरी दिसले तर पंजाबरावांनी भरवलेलं १९५९-६० चं जागतिक कृषी प्रदर्शन आहे का ते बघा.

भिंतीवरच्या मोठ्या फ्रेमवर मात्र चटकन विश्वास ठेवू नका, विशेषतः बायकांच्या. बाई वारली की घरच्यांना तिचा एकटीचा फोटो सापडायचा नाही, मग लग्नाच्या किंवा बारशाच्या ग्रुपमधून चेहरा उचलून वाढवायचे आणि साडीचा काठ, कुंकू, गळ्यातली गरसोळी हातानं रंगवायचे. म्हणून पन्नाशीत गेलेली पणजी फ्रेममध्ये अठराची दिसते. मूळ ग्रुप फोटो पेटीत असण्याची शक्यता फार. तो शोधा, म्हणजे तिच्या शेजारी कोण बसलं होतं तेही मिळेल.

आता सर्वांत महत्त्वाचं. खुर्चीवर बसलेल्यांची नावं घरात मिळतील. मागे आणि कडेला उभ्या असलेल्यांची नावं गावात मिळतात, आणि तिकडे सहसा कुणी विचारायलाच जात नाही. वाशीम जिल्ह्यातल्या एका वाड्यासमोरचा पोळ्याचा फोटो मला आठवतो. खुर्च्यांवर तीन पुरुष, दोन्ही बाजूंनी सजवलेल्या बैलजोड्या, कासरे धरून उभी माणसं. घरच्यांनी खुर्चीवरचे तिघे ओळखले, बाकीचे ‘गडीमाणसं’. गावाच्या दुसऱ्या टोकाला एका सालदाराची (वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याची) म्हातारी बायको होती, तिच्याकडे फोटो नेला. तिनं माणसांकडे पाहिलंच नाही, आधी बैलावर बोट ठेवलं. “हा हरन्या व्हय, पाह्य ना शिंग कसं वयलेलं हाये. माहं लगन झालं त्याच सालचा. अन् कासरा धरलेला हा माहा सासरा.” मग एकामागून एक नावं निघाली. तिच्या थोरल्या मुलाची जन्मतारीख शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात होती, तिच्यावरून लग्नाचं साल आणि त्यावरून फोटोचं साल बसलं. घरच्यांनी तो दहा वर्षं आधीचा धरला होता.

तिच्या सासऱ्याचा आयुष्यातला तो एकच फोटो, आणि तो दुसऱ्याच्या पेटीत. म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे. देशमुख घराण्याचे फोटो हा गावाचाही ऐवज आहे, आणि घराण्याचा इतिहास लिहायचा तर त्यात दिवाणजी, सालदार, सुईण, गावचा कोतवाल यांची नावं घराण्याच्या नावांइतक्याच ठळक अक्षरात यायला हवीत. ज्यांचा माणूस ओळखला गेला त्यांना एक छापील प्रत नेऊन द्या. त्यांनी फोटो घरी लावला की पुढची माहिती आपणहून येते.

विचारायला जाल तेव्हा “हे कोण?” असं सुरू करू नका. फोटो हातात द्या, म्हाताऱ्या माणसाला वेळ द्या, आणि मोबाइलचं रेकॉर्डिंग विचारून सुरू करा. मोठीआई, आत्या, दुसऱ्या गावी दिलेल्या बहिणी यांच्याकडे आधी जा. सासर-माहेर दोन्हीकडची नाती त्यांना ठाऊक असतात, पुरुषांना बहुतेक वाटण्याच तेवढ्या आठवतात.

कागदपत्रांशी पडताळा लागेलच. तुमचं गाव वऱ्हाडातलं, तेव्हा जुने सातबारे, फेरफार आणि कोतवाल बुकातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी. वर्धा, नागपूर, भंडाऱ्याकडे मालगुजारी (जमीनदारासारख्या मालगुजारामार्फत सारावसुली) होती, तिथे बंदोबस्ताच्या मिसली, म्हणजे जमीनमोजणी आणि साराआकारणीची जुनी कागदपत्रं, बघावी लागतात. नागपूरला राज्याच्या पुराभिलेखागाराची शाखा आहे. भाटाच्या वहीतली वंशावळ जरूर उतरवून घ्या, पण बायकांची नावं तिच्यात क्वचितच असतात.

काचेच्या पट्ट्यांना सर्वांत जपा, त्या मूळ निगेटिव्ह आहेत. कडेला धरा, मंद दिसणारी बाजू म्हणजे चित्राची बाजू, तिला बोट, पाणी, ओलं फडकं काहीही लावायचं नाही. प्रत्येक पट्टी वेगळ्या साध्या कागदात गुंडाळून खोक्यात लांब कडेवर उभी ठेवा, एकावर एक रचू नका. पांढऱ्या उजेडाच्या पाटीवर ठेवून चांगल्या कॅमेऱ्यानं फोटो घेतला की कॉम्प्युटरवर काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं करून चित्र दिसतं.

जो फोटो फ्रेमच्या काचेला चिकटलाय तो ओढू नका, काचेसकटच स्कॅन करा. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या चिकट पानांच्या अल्बममधून फोटो सुटत नसेल तर दात साफ करायचा धागा मागून हळूहळू सरकवा. लॅमिनेशन आणि सेलोटेप अजिबात नको. लहान फोटो १२०० डीपीआयला, मोठे ६०० ला, टिफ फाइलमध्ये, पाठीसकट. ठेवायला टिनाखालचा माळा नको, आपल्याकडचा उन्हाळा तिथे फोटो भाजून काढतो आणि पावसाळ्यात उधई (वाळवी) येते. आतल्या खोलीतलं लोखंडी कपाट, जमिनीपासून उंच कप्पा. डांबराच्या गोळ्या फोटोंजवळ ठेवू नका.

एक नाजूक गोष्ट. पेटीत एखाद्या वारलेल्या माणसाला खुर्चीत बसवून, हार घालून काढलेला फोटो निघेल, कदाचित लहान मुलाचाही. पूर्वी आयुष्यातला पहिला आणि शेवटचा फोटो पुष्कळदा तोच असायचा. तो फेकू नका आणि घरातल्या थोरल्यांना विचारल्याशिवाय छापूही नका.

स्मरणिका पुढच्या वर्षी काढली तरी चालेल. वाडा पाडण्याआधी मात्र ढेलज (दारातली देवडी), ओसरी, बंगई (झोपाळा) जिथे टांगलेली असते ती जागा आणि पायऱ्या, सगळ्यांचे आजचे फोटो घ्या. जुन्या ग्रुप फोटोत मागे जी कोरीव तुळई किंवा खिडकी दिसते ती कुठली होती हे नंतर जुळवता येणार नाही. आणि वरातीच्या ज्या फोटोमागे पुसट शिक्का आहे म्हणालात, त्याची पाठ टॉर्च अगदी बाजूनं धरून पुन्हा काढा आणि इथे टाका. गावाचं नाव आणि त्यापुढची दोन अक्षरं वाचता आली तरी पुष्कळ सांगता येईल.