गाडीचं कर्ज : शोरूममधला एजंट नेमका कुणाचा?

या वेळच्या बहुतेक पत्रांचा रोख एकच आहे : फायनान्सवाला सांगतो तेच कर्ज घ्यावं का? निवडक प्रश्न घेतो.

प्रश्न : मी खानापूर तालुक्यात प्राथमिक शिक्षिका आहे. बेळगावात गाडी बुक केली. ६ लाखांचं कर्ज हवंय. माझ्या पगाराची बँक ९.५ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी द्यायला तयार आहे. पण शोरूममधल्या फायनान्सच्या मुलाने ‘बँकेत महिना लागेल’ म्हणत एका खासगी कंपनीचा अर्ज पुढे केला. दर ११.५ टक्के, तरी हप्ता बँकेपेक्षा दोन हजारांनी कमी. हे कसं?

उत्तर : ताई, त्याने मुदत किती धरलीय ते बघा. तुमच्या आकड्यांवरून ती सात वर्षांची दिसते. बँकेचा हप्ता १२,६०० च्या आसपास, म्हणजे पाच वर्षांत साधारण ७ लाख ५६ हजार. कंपनीचा हप्ता १०,४३० च्या आसपास, पण तो ८४ महिने. एकूण ८ लाख ७६ हजार. हलका वाटणारा हप्ता तुम्हाला १ लाख २० हजारांना पडतो. मुदत पाचच वर्षं ठेवली तरी दोन टक्क्यांच्या फरकाने सुमारे ३५,७०० रुपये जादा जातात.

तो मुलगा असं का करतो? कर्ज वाटलं गेलं की बँक किंवा कंपनी एजंटाला रकमेवर कमिशन देते. धंद्यात त्याला ‘पेआउट’ म्हणतात. प्रत्येकाचा पेआउट वेगळा असतो आणि जिथे तो जास्त, तिकडे फाइल वळवण्याचा मोह होतो. ते पैसे शेवटी कर्जदाराच्या व्याजातूनच निघतात. तो तुमच्याशी गोड बोलतो, चहा मागवतो, कागद घरी येऊन नेतो. पण त्याला पैसे देणारा दुसराच आहे, हे सही करताना डोक्यात असू द्या.

सगळ्यांना एका मापाने मोजणार नाही. ज्याच्याकडे उत्पन्नाचे कागद नाहीत किंवा ज्याचा सिबिल (कर्जफेडीच्या इतिहासावरून मिळणारे गुण) खाली आहे, त्याला बँक दारात उभं करत नाही. तिथे फायनान्स कंपनीच उपयोगी पडते आणि धोका जास्त म्हणून दरही जास्त लागतो. तुमची गोष्ट वेगळी आहे. पगाराची स्लिप, फॉर्म १६ आणि गाडीचं कोटेशन घेऊन स्वतः शाखेत जा. मग शोरूममध्ये येऊन विचारा : तुमची टायअप कुणाकुणाशी आहे, प्रत्येकाचा दर किती, यातून तुम्हाला काय मिळतं? अॅपवरून अनेक कंपन्यांची कर्जं दाखवणाऱ्या मध्यस्थांना १ नोव्हेंबर २०२५ पासून सगळे प्रस्ताव, कुणाला झुकतं माप न देता, दाखवावे लागतात. तीच अपेक्षा टेबलापलीकडच्या माणसाकडून ठेवण्यात काहीच चूक नाही.

प्रश्न : जुनी गाडी घेतोय, ५ लाखांचं कर्ज. एजंटाने व्हिजिटिंग कार्डाच्या मागे पेनाने ‘७% फ्लॅट, ११,२५० × ६०’ लिहून दिलंय. बँक १० टक्के सांगते. मग एजंटच स्वस्त ना? — निपाणी

उत्तर : नाही. फ्लॅट दरात पाचही वर्षं पूर्ण ५ लाखांवर व्याज धरतात. तुम्ही निम्मं मुद्दल फेडलं तरी आकारणी तीच. बँकेचा दर शिल्लक रकमेवर असतो. कार्डावरचे ७ टक्के त्या हिशेबाने जवळजवळ १२.५ टक्के होतात. माझा राग आहे तो या फ्लॅटच्या आकड्यावर. शिकलेली माणसंही त्यात फसतात. ‘रिड्यूसिंगने, म्हणजे शिल्लक रकमेवर, किती?’ एवढंच विचारा.

प्रश्न : वडिलांच्या नावावर कर्ज घेतोय. सगळे कागद इंग्रजी आणि कन्नडमध्ये. त्यांना मराठीच वाचता येतं. खुणा केलेल्या जागी सह्या करा म्हणतात. — येळ्ळूर

उत्तर : थांबवा त्यांना. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून गाडीच्या कर्जासह प्रत्येक नव्या किरकोळ (रिटेल) कर्जाआधी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’, म्हणजे मुख्य अटींचं पत्रक, द्यावं लागतं आणि ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असावं लागतं. सीमाभागात भाषेचं नाव काढलं की लोक कचरतात. इथे कचरू नका. काकांना मराठी पत्रक हवंय, असं लेखी मागा.

त्यात ‘एपीआर’ नावाचा आकडा शोधा. व्याज, प्रोसेसिंग फी, कर्जातून कापला जाणारा विमा, सगळं धरून वर्षाला किती टक्के पडतं ते त्यात येतं. दोन प्रस्ताव एपीआरवरच ताडून बघा. पत्रकातल्या अटी किमान तीन कामकाजाचे दिवस कायम राहतात, त्यामुळे ‘ऑफर आज संध्याकाळपर्यंतच’ याला घाबरू नका. पत्रकात नसलेला आकार तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. कोऱ्या फॉर्मवर सही मात्र कुणाच्याही शब्दावर नको.

प्रश्न : इंग्लंडमधला भाचा सांगतो की तिथे गाडीच्या कर्जाचे पैसे लोकांना परत मिळणार आहेत. आपल्याला मिळतील का? — चिकोडी

उत्तर : तिथली पद्धत अशी होती की डीलर स्वतः व्याजदर वाढवू शके आणि दर वाढला की त्याचं कमिशन वाढे. २८ जानेवारी २०२१ पासून तिथल्या नियामकाने त्यावर बंदी घातली. १ ऑगस्ट २०२५ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, डीलर हा ग्राहकाचा विश्वस्त ठरत नाही असं म्हटलं. पण एका ग्राहकाच्या प्रकरणात कमिशन कर्जाच्या एकूण खर्चाच्या ५५ टक्के निघालं, तो व्यवहार अन्यायाचा ठरवला. त्यानंतर नियामकाने भरपाईची योजना हाती घेतली. ती तिथल्या करारांपुरती. आपल्या कर्जाला ती लागू नाही.

प्रश्न : कोल्हापुरात कर्ज आणि गाडी दोन्ही स्वस्त सांगतात. तिकडेच घेऊ? — संकेश्वर

उत्तर : कर्जाचा दर जरूर विचारा. पण राहणं इथे असेल तर नोंदणी कर्नाटकातच हवी. एमएच-०९ ची गाडी १२ महिन्यांहून जास्त इथे ठेवली तर नवा नंबर, इथला कर आणि फायनान्स कंपनीची एनओसी (ना-हरकत दाखला), सगळं आलंच.

प्रश्न : एजंटाच्या नादाने महागडं कर्ज घेऊन बसलोय. आता काय? — वडगाव

उत्तर : आधी स्टेटमेंट मागवून शिल्लक मुद्दल बघा आणि मुदतीआधी फेडल्यास दंड किती ते करारात वाचा. स्थिर दराच्या कर्जावर तो लागू शकतो. वैयक्तिक वापरासाठी बदलत्या दराचं कर्ज १ जानेवारी २०२६ ला किंवा नंतर मंजूर झालं असेल, तर लागत नाही. दंड धरूनही बचत होत असेल तर कर्ज दुसऱ्या बँकेत हलवा. पहिली दोन-अडीच वर्षं उलटली असतील तर बरंचसं व्याज भरून झालेलं असतं. तेव्हा हिशेब करूनच पाऊल उचला.

तक्रार असेल तर आधी बँकेकडे किंवा कंपनीकडे लेखी द्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. माहितीसाठी १४४४८ वर फोन करा. मात्र कर्ज सौहार्द, म्हणजे सहकारी, पतसंस्थेचं असेल तर हा रस्ता चालत नाही. तिथे राज्याच्या सहकार खात्याकडे जावं लागतं आणि संस्था बहुराज्य असेल तर दिल्लीच्या केंद्रीय निबंधकांकडे. म्हणून पावतीवर संस्थेचं पूर्ण नाव काय छापलंय ते आजच बघून ठेवा.