पर्ल ६ चांगली असूनही बदनाम का झाली?

पर्ल ६ या संगणक-प्रोग्रामिंगच्या भाषेकडे लोकांनी पाठ का फिरवली, याचे उत्तर माझ्या मते तांत्रिक उणिवांपेक्षा तिच्या नावात आणि वेळापत्रकात अधिक सापडते. पर्लचे निर्माते लॅरी वॉल यांनी २००० साली तिची घोषणा केली आणि पहिली स्थिर आवृत्ती थेट डिसेंबर २०१५ मध्ये आली. एवढ्या काळात ती चेष्टेचा विषय झाली नसती तरच नवल. त्यातच ‘६’ या आकड्यामुळे, पर्ल ५ या आधीच्या भाषेचा विकास व्यवस्थित सुरू असतानाही (५.१० ही आवृत्ती २००७ मध्ये आलीच होती), ती जुनी भाषा आता मोडीत निघाली असा समज पसरला. या गदारोळात, ०.१ आणि ०.२ यांची बेरीज (जी बऱ्याच भाषांत किंचित चुकते) अपूर्णांकांच्या रूपात सांभाळून नेमकी ०.३ देण्यासारखे नव्या भाषेचे गुण झाकोळले गेले. २०१९ मध्ये तिचे ‘राकू’ असे नामांतर झाले खरे, पण तोवर अनेकांनी पायथन या दुसऱ्या प्रोग्रामिंग भाषेची वाट धरली होती.