पातं कडक होत नाही? भट्टी सोडा, आधी लोखंड तपासा

तुमचा प्रश्न वाचला आणि कपाळावर हात मारला. ही तर माझीच जुनी रडकथा! घरामागच्या जागेत भट्टी, दुकानातून ‘ईएन ४५’ (स्प्रिंगच्या पाट्यांचं पोलाद) म्हणून आणलेली पट्टी, ठोकून बऱ्यापैकी दिसणारी सुरी, आणि पाणी दिल्यावरही (म्हणजे लाल तापवून तेलात किंवा पाण्यात विझवल्यावरही) कानस तिच्यावर आरामात चालते. मग तुम्ही तेल बदललंत, तेल सोडून सरळ पाण्यात बुडवून पाहिलंत, आच वाढवलीत, तरी पातं मऊच. आणि आता विचारताय की मोठा ब्लोअर घेऊ की गॅसची भट्टी करू.

दोन्ही नको. पैसे तूर्त खिशातच राहू द्या.

भट्टी, सांडशी, ऐरण यावर मी काही लिहीत नाही. फोटोंवरून तुमचं ते सगळं ठीक दिसतंय. चुंबक चिकटायचा बंद होईपर्यंत तुम्ही तापवताय, त्याच्याही थोडं वर नेताय, आणि थेट पाण्यात बुडवूनही पातं मऊ राहतंय. असं असेल तर त्या पट्टीत पुरेसा कार्बनच नाही, असं मला जवळजवळ खात्रीने वाटतं. खरं ईएन ४५ असतं, म्हणजे कार्बन ०.५ ते ०.६ टक्के आणि सिलिकॉन दीड-दोन टक्के, तर तुमच्या पाण्यातल्या प्रयोगात ते बहुधा तडकलं असतं. ते तेलात विझवायचं पोलाद आहे. तुमचं तडकलं नाही, ही आनंदाची नाही, संशयाची गोष्ट आहे.

एक शक्यता मात्र आधी बाजूला करा. भट्टीत फार वेळ राहिलेल्या पात्याच्या वरच्या थरातला कार्बन जळून जातो. आत पातं कडक असतं आणि वर मऊ साल. कानस त्या सालीवर चालते आणि आपण उगाच रडत बसतो. म्हणून ग्राइंडरने अर्धा मिलिमीटर उडवा, पण पातं गरम होऊ न देता, मध्येमध्ये पाण्यात बुडवत. मग तिथे कानस लावा. घसरली तर अभिनंदन, पुढचं वाचायची गरज नाही. चालली तर वाचा.

त्याच पट्टीचा बोटभर लांब तुकडा कापा. चुंबक सुटल्यावर रंग आणखी दोन छटा उजळ होऊ द्या. हे सावलीत किंवा संध्याकाळी करा, उन्हात रंगाचा काही भरवसा नसतो. मग तो तुकडा साध्या पाण्यात बुडवा. हो, पाण्यातच. हा तुकडा मरायलाच आहे. गार झाला की अर्धा व्हाइसमध्ये धरा, वर जुनं फडकं गुंडाळा, डोळ्यांवर गॉगल (चष्मा चालणार नाही) आणि हातोडीचा एक फटका. वाकला, तर ते एमएस (माइल्ड स्टील) आहे, ग्रिल आणि खिडक्यांचं लोखंड. त्याच्या सुऱ्या होत नाहीत, मग तेल कुठलंही आणा. काडकन तुटला, तर तुटलेली कड उन्हात धरून बघा. राखाडी, मखमली, कण न दिसणारी असेल तर पोलाद चांगलं आणि तुमची आचही बरोबर. साखरेसारखे चमचमते कण दिसले तर पोलाद चांगलं, पण तुम्ही ते फार तापवलंत.

हा फुकटचा प्रयोग आहे, पाच मिनिटांचा. मला तो कुणी वेळेवर सांगितला नाही, आणि त्यामुळे काय झालं ते आता सांगतो. मन मोकळं करतोय असं समजा.

मी पट्टी घेतली ती चांगल्या, मोठ्या दुकानातून. दुकानाचं आणि गावाचंही नाव लिहिणार नाही, विचारू नका. पट्टीच्या टोकाला रंग मारलेला, वर खडूने ‘४५’ लिहिलेलं, आणि मागितल्यावर टेस्ट सर्टिफिकेटची झेरॉक्ससुद्धा दिली. सर्टिफिकेटवर सगळं शास्त्रशुद्ध: कार्बन, सिलिकॉन, मँगनीज, सही, शिक्का. माणूस अजून काय बघणार? पातं मऊ राहिलं की मी दुकानात जायचो, आणि काउंटरवरचे गृहस्थ शांतपणे म्हणायचे, “साहेब, आमचं गिऱ्हाईक टनाने माल नेतं. तक्रार फक्त तुमची. पाणी द्यायला हात बसावा लागतो.” असं चारचौघांत ऐकल्यावर माणूस स्वतःवरच शंका घ्यायला लागतो. त्या वाक्यापायी मी भट्टी मोडून नवी बांधली, ब्लोअर घेतला, महागडं तेल मागवलं.

शेवटी तुकडा तपासून घ्यायचं ठरवलं, तर तिथे वेगळाच तमाशा. एका प्रयोगशाळेत गेलो. तिचंही नाव नको. तिथे पहिला प्रश्न, “कंपनीचं लेटरहेड?” मी म्हटलं, कंपनी नाही, छंद आहे. “जीएसटी नंबर?” नाही. “मग पर्चेस ऑर्डर?” अहो, स्वतःच्या तुकड्यासाठी मी स्वतःलाच पर्चेस ऑर्डर कशी देणार? पैसे रोख समोर ठेवले, तरी नाही. “सिस्टीममध्ये एंट्री होत नाही.” कुठल्या नियमात बसत नाही ते सांगा म्हटलं तर “मॅडम सुट्टीवर आहेत.” तुकडा हातात, पैसे हातात, मशीन काचेपलीकडे दिसतंय, आणि परत फिरायचं. ती मॅडम आजतागायत सुट्टीवरच असावी!

अखेर एका ओळखीच्या वर्कशॉपवाल्याने त्याच्या लेटरहेडवर तोच तुकडा दुसरीकडे पाठवला. रिपोर्ट आला: कार्बन ०.१८. एमएस. घरी येऊन ती झेरॉक्स पुन्हा काढली, आणि तेव्हा कळलं की बघायचं काय असतं. सर्टिफिकेटवर हीट नंबर असतो, म्हणजे ते पोलाद ज्या घाण्यात वितळलं त्याचा क्रमांक. तोच क्रमांक मालावर ठोकलेला किंवा बंडलाच्या पट्टीवर लिहिलेला असायला हवा. माझ्या पट्टीवर काहीच नव्हतं. शिवाय सर्टिफिकेट होतं गोल सळीचं. मी घेतली होती चपटी पट्टी! कागद खरा असेलही, पण माझ्या मालाचा नव्हता.

म्हणून माझं आग्रही मत, कुणाला पटो न पटो: सुटी, कापून दिलेली, रंग मारलेली पट्टी घ्यायचीच असेल तर सर्टिफिकेट बाजूला ठेवा, एक फूट विकत घ्या, घरी जाऊन वरचा तुकड्याचा प्रयोग करा, आणि मगच बाकीचं उचला. दुकानदार तेवढं थांबायला तयार नसेल तर दुकान बदला. सगळे दुकानदार फसवतात असं मी म्हणत नाही. पुष्कळदा त्यांच्या गोदामातच माल मिसळलेला असतो आणि त्यांनाही पत्ता नसतो. पण आपली मेहनत त्यात जाते, त्यांची नाही.

आणखी एक फसगत. भंगारवाल्यांकडे हल्ली पिस्तुलासारखं यंत्र असतं, तुकड्यावर टेकवलं की पडद्यावर आकडे येतात. क्रोमियम, निकेल, मँगनीज ते चांगलं दाखवतं, पण ते एक्सआरएफ (क्ष-किरणांनी धातू ओळखणारं) असेल तर त्याला कार्बन दिसतच नाही. आपल्याला हवा असतो नेमका तोच. प्रयोगशाळेत तपासायचंच झालं तर ‘स्पेक्ट्रो’ म्हणून सांगा, ज्यात तुकड्यावर ठिणगी पाडून डाग उठतो, तो. एका बाजूने सपाट घासलेला, दोन इंची चौकोनी तुकडा न्या. आणि लेटरहेडवाला मित्र शोधून ठेवा.

आता, माल कुठून आणायचा. माझ्या मते नवशिक्याने ट्रकच्या स्प्रिंगचे पाटेच घ्यावेत, पण जुने, मोडलेले नाहीत. वापरलेल्या पाट्यात डोळ्यांना न दिसणारे तडे असतात, ते पाणी देताना उघडे पडतात आणि तुम्ही पुन्हा भट्टीला शिव्या घालता. हायवेला पाटे बसवणारे, कमानी मारणारे असतात, त्यांच्याकडे नव्या पाट्यांची कापलेली टोकं पडलेली असतात. ती किलोवर मिळतात. बेअरिंगची रिंग (ईएन ३१) मोहात पाडते, एक टक्का कार्बन वगैरे, पण ती ठोकायला चिवट आणि आचेला नखरेल. ती वर्षभराने. जुनी कानस चालते, पण स्वस्त कानशी नुसत्या वरून कडक केलेल्या असतात, आत मऊ. तोडून बघा. आणि घराच्या बांधकामातली सळई अजिबात नको. तिच्यात कार्बनच जास्तीत जास्त ०.३ टक्के, आणि तिचा कडकपणा कारखान्यात वरून पाणी मारून आलेला असतो, तो तुमच्या भट्टीत पहिल्याच तापात जातो.

पाट्याच्या पोलादाला पाणी देताना एक लक्षात घ्या. परदेशी व्हिडिओत सांगतात की चुंबक सुटला की बुडवा. सिलिकॉनमुळे हे पोलाद त्यापेक्षा वर न्यावं लागतं. चुंबक ७७० अंशांना सुटतो, याला साधारण ८५० हवेत. ठोकून झालं की आधी दोन-तीनदा लाल करून सावलीत हवेवर गार होऊ द्या. हा टप्पा गाळू नका, पातं वाकडं होणं बहुतेक वेळा इथेच टळतं. धारेची कड या वेळी दीडेक मिलिमीटर जाड ठेवा, पातळ केलीत तर लाटा येतील. तेल सोयाबीनचं किंवा शेंगदाण्याचं, ५०-६० अंशांपर्यंत कोमट केलेलं, लोखंडी डब्यात, झाकण हाताशी. तेल पेटलं तर झाकण टाकायचं, पाणी नाही! गाडीचं काळं जुनं तेल फुकट मिळतं म्हणून वापरणारे खूप आहेत. त्याचा धूर घेऊन मग खोकत बसतात. मी सांगितलं, पुढे तुमची मर्जी.

पातं विझवलं की लगेच, रात्रभर न ठेवता, ओटीजीत (घरच्या छोट्या ओव्हनमध्ये) २०० अंशांना दोन तास, गार करून पुन्हा दोन तास. ओटीजीच्या बटणावरचा आकडा खोटा असतो, आत ओव्हनचा थर्मामीटर ठेवा. घासून लखलखीत केलेल्या भागावर फिकट गवती पिवळा रंग यायला हवा. निळा झाला तर ते स्प्रिंग झालं, सुरी नाही. केकवाला ओटीजी वापरत असाल तर घरच्यांची परवानगी घ्या. माझ्याकडे या विषयावर दोन आठवडे अबोला होता.

काही सुटे मुद्दे, तुम्ही विचारलेले नाहीत तरी. ऐरणीसाठी रुळाचा तुकडा भंगारात दिसला तर पावतीशिवाय हात लावू नका. रेल्वेच्या मालाबद्दल १९६६चा वेगळा कायदा आहे आणि तो माल आपल्याकडे रीतसर आला हे आपल्यालाच दाखवावं लागतं. जस्ताचा मुलामा असलेला पाइप भट्टीत कधीही घालू नका, त्या पांढऱ्या धुराने थंडीताप भरतो. घरगुती लाल सिलिंडर या कामाला वापरू नका, नियमातही बसत नाही आणि घरच्या रेग्युलेटरला तेवढा दाबही नसतो. मला विचाराल तर लोणारी कोळसाच बरा. दगडी कोळशापेक्षा धूर कमी, शेजारी सुखी. तसंही रात्री दहानंतर घण चालवू नका.

कायद्याचं थोडक्यात, आणि मी वकील नाही. घरकामाची, शेतीची हत्यारं, म्हणजे सुरी, विळा, खुरपं, यांना शस्त्र कायद्याच्या नियमांतून सूट आहे. इतर पात्यांना नऊ इंच लांबी आणि दोन इंच रुंदी ही मर्यादा लक्षात ठेवा. पण कोयता गँगच्या बातम्यांनंतर घरामागे ठोकाठोक करणाऱ्याकडे लोक वेगळ्या नजरेने बघतात, म्हणून काय बनवताय ते शेजाऱ्यांना आधीच दाखवा. आणि कुणी वाढदिवसाचा केक कापायला तलवार करून मागितली तर सरळ नाही म्हणा. असल्या केकचे गुन्हे दाखल होतात, आणि तलवार कुणी दिली ही चौकशीही होते.

पाणी देणं समजून घ्यायचं असेल तर व्हिडिओंपेक्षा रस्त्याकडेला पाल टाकून बसलेल्या घिसाडी कुटुंबाजवळ तासभर थांबा. नवरा सांडशीत पातं धरतो, बायको घण मारते, आणि कोयत्याची फक्त धारच पाण्यात शिरते, पाठ बाहेर राहते. आतल्या उष्णतेने रंग धारेकडे सरकताना दिसतो आणि ठरलेल्या रंगाला ते पूर्ण बुडवतात. आधी काहीतरी पाजवायला द्या, त्याचे पैसे घासाघीस न करता द्या, मग प्रश्न विचारा. शांतपणे सांगतात. निदान माझा अनुभव तसा आहे.

तर आधी तुकडा तोडून बघा. तुटला तर कडेचा फोटो टाका, शक्यतो उन्हात, जवळून. वाकला तर दुकानदाराने दिलेल्या सर्टिफिकेटचा फोटो टाका, दुकानाचं नाव झाकून, पण हीट नंबर आणि मालाचं माप दिसू द्या. ते बघून पट्टी परत करता येईल का ते सांगतो. बिल जपून ठेवलं असेलच, अशी आशा करतो.