नारिंगी केबल बदलताना : वाचकांचे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी भागातून येणाऱ्या पत्रांत आता इलेक्ट्रिक व्हॅनचे प्रश्न बरेच असतात. भाजी, दूध, बेकरीचा माल, कुरिअर अशा सगळ्या कामांना लोकांनी या गाड्या घेतल्या आहेत आणि त्यातल्या काहींची दुरुस्तीही आता सुरू झाली आहे. या वेळचे सगळे प्रश्न बॅटरीपासून मोटरच्या इन्व्हर्टरपर्यंत (बॅटरीची डीसी वीज मोटरसाठी एसी करणाऱ्या पेटीपर्यंत) जाणाऱ्या जाड नारिंगी केबलभोवतीचे आहेत. मी उद्यमबागेत गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो आणि मुलांना शिकवतोही. त्यामुळे या विषयावर थोडं कडक बोलणार आहे.

आमची भाजीची व्हॅन रात्री गोठ्याशेजारी लावतो. घुशीनं खालची नारिंगी केबल कुरतडली आहे, आतली तांब्याची जाळी दिसते. मीटरवर पिवळा दिवा लागतो, पण गाडी व्यवस्थित चालते. टेप मारून वर पाईप चढवला तर चालेल काय?
— भाजी व्यापारी, खानापूर तालुका

नाही चालणार. उद्या पहाटे मार्केटलाही ही गाडी काढू नका.

तुम्हाला दिसते ती जाळी म्हणजे शिल्डिंग. तिच्या आत आणखी एक इन्सुलेशन आहे आणि त्याच्या आत खरी तार. घुशीचा दात कुठवर गेलाय हे डोळ्यांनी कळत नाही. साध्या १२ व्होल्टच्या वायरिंगमध्ये मायनस बॉडीला जोडलेला असतो, त्यामुळे प्लसची वायर बॉडीला लागली की फ्यूज उडतो आणि बिघाड लगेच कळतो. इथे तसं नाही. मोठ्या बॅटरीचा प्लसही बॉडीला जोडलेला नसतो आणि मायनसही नसतो. म्हणून पहिला बिघाड झाला तरी फ्यूज शाबूत राहतो, गाडी धावत राहते, फक्त दिवा लागतो. दुसऱ्या बाजूला कुठं तसाच बिघाड झाला, की मधे गाडीची बॉडी येते आणि बॉडीला टेकलेला माणूस येतो. तुमचा पिवळा दिवा कदाचित हेच सांगतोय.

मोटर आणि इन्व्हर्टर जोडलेल्या यंत्रणेत बॉडी आणि बॅटरी यांच्यामध्ये दर व्होल्टला निदान ५०० ओहम रोध असावा लागतो. ३५० व्होल्टच्या बॅटरीला हा हिशेब पावणेदोन लाख ओहमचा होतो. चांगल्या केबलमध्ये तो मेगओहममध्ये मिळतो. टेपखाली चार दिवस दव आणि चिखल बसला, की तो किती उरेल हे कुणी सांगू शकत नाही.

केबल अख्खी बदलायची, तिला जोड द्यायचा नाही. आणि गाडी दोरी बांधून ओढत गॅरेजला नेऊ नका. चाकं फिरली की बऱ्याच गाड्यांची मोटर स्वतःच वीज तयार करते. चारही चाकं उचलून नेणारी गाडी बोलवा. पेंडीची पोती तेवढी गाडीपासून लांब ठेवा, घूस त्यासाठीच येते.

मी टिळकवाडीत २२ वर्षं डिझेल गाड्यांची कामं करतो. एका ओळखीच्या गिऱ्हाइकाची इलेक्ट्रिक व्हॅन आली आहे, कंपनीची नवी केबलही आणून ठेवली आहे. १२ व्होल्टच्या बॅटरीचा मायनस काढला की गाडी मेली ना? वायरमनचे रबरी हातमोजे माझ्याकडे आहेत.
— गॅरेजमालक, बेळगाव

तुमचा अनुभव मोठा आहे, म्हणूनच स्पष्ट सांगतो. त्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल आणि हाय व्होल्टेजचं प्रशिक्षण, दोन्ही नसेल तर हे काम घेऊ नका. गिऱ्हाइकाला वाईट वाटलं तरी चालेल. प्रशिक्षण झालं असेल तर पुढचं वाचा. कारण माहीत असलं की पायरी चुकत नाही.

मायनस काढल्यावर कॉन्टॅक्टर, म्हणजे मोठ्या बॅटरीची वीज जोडणारे-तोडणारे खटके, सुटतात हे खरं. पण दोन ठिकाणी वीज राहतेच. एक, बॅटरीच्या पेटीत. ती कधीच मरत नाही, सर्व्हिस प्लग (दुरुस्तीआधी बॅटरीची जोडणी तोडणारा प्लग) काढला तरी आतल्या सेल जिवंतच. दुसरी, इन्व्हर्टरमधल्या वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये. समजा तो ५०० मायक्रोफॅरडचा आहे आणि ३५० व्होल्टवर भरलेला आहे, तर त्यात साधारण ३० ज्यूल ऊर्जा असते. माणसाचा जीव धोक्यात घालायला तेवढी पुरते.

सुरुवात अंगावरून करा. अंगठी, घड्याळ, गळ्यातली चेन, कंबरेचा चांदीचा करदोटा, सगळं काढून ड्रॉवरमध्ये. गाडीला चार्जर जोडलेला नाही हे बघा. किल्ली तुमच्या खिशातही नको, कपाटात कुलूपबंद ठेवा. गाडीभोवती दोरी बांधा आणि दोन भाषांत पाटी लावा, ‘हात लावू नका’ आणि ‘मुट्टबेडी’. आपल्याकडे गॅरेजमध्ये एक पोरगा मराठी वाचतो, दुसरा कन्नड. पाटी दोघांसाठी हवी.

हातमोज्यांवरचा शिक्का वाचा. त्यावर ‘क्लास ०’ असलं पाहिजे, म्हणजे १००० व्होल्टपर्यंतचे. चाचणीची तारीखही बघा. वापरातले मोजे दर सहा महिन्यांनी तपासून घ्यायचे असतात. घालण्याआधी मनगटाकडून गुंडाळत आणून आत हवा कोंडा आणि मोजा गालाशी धरा. टाचणीएवढं भोक असलं तरी हवा गालाला लागते. लागली तर मोजा फेकून द्या, दुसऱ्या कामालाही ठेवू नका. रबरावर चामड्याचे मोजे, तोंडावर फेस शील्ड, आणि १००० व्होल्टची खूण असलेली इन्सुलेटेड हत्यारं. टेप गुंडाळलेला पाना इन्सुलेटेड होत नाही.

मग १२ व्होल्टचा मायनस, मग मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागेवरचा सर्व्हिस प्लग. तो काढून किल्लीबरोबरच कुलपात. आता थांबा. किती, ते मॅन्युअल सांगेल, बहुतेक गाड्यांत ५ ते १० मिनिटं. पोरं इथेच घाई करतात.

एकदा माझ्याकडच्या गाडीत सगळं रीतसर केलं होतं. दहा मिनिटं घड्याळ लावून थांबलो, मीटर लावला तर १९० व्होल्ट. कपॅसिटर रिकामा करणारा आतला रेझिस्टर तुटला होता. बाहेरून काहीही दिसत नव्हतं. मी मोजलं नसतं तर त्या दिवशी पाना माझ्या हातात होता. गाडी दोरीत ठेवली, सगळ्यांना बाहेर काढलं आणि कंपनीच्या माणसाला बोलावलं. तेव्हापासून माझ्या वर्कशॉपमध्ये ‘बंद केलंय’ या शब्दाला किंमत नाही, आकडा दाखवावा लागतो.

मोजण्याचीही रीत आहे. मीटर कॅट थ्री (मीटरवर छापलेली सुरक्षिततेची श्रेणी) १००० व्होल्टचा हवा. आधी जिथे व्होल्टेज आहे हे नक्की माहीत आहे तिथे लावा आणि मीटर चालतो हे बघा. मग गाडीवर प्लस ते मायनस, प्लस ते बॉडी, मायनस ते बॉडी अशा तिन्ही जागी मोजा. मग परत पहिल्या जागी जाऊन मीटर अजून चालतो हे बघा. वायर तुटलेला मीटरही शून्यच दाखवतो. आणि मीटरचा खटका एसीवर राहिला असेल तर डीसी असतानाही बरेच मीटर शून्याजवळचा आकडा दाखवतात. मी शिकवताना ही चूक मुद्दाम करून दाखवतो, कारण ती हुशार माणसाकडूनही होते. हे मोजमाप हातमोजे घालूनच करायचं. शून्य मिळाल्यावरच ते वीजरहित म्हणायचं.

आता मूळ काम. जुनी केबल कुठून कशी गेली याचे फोटो काढा. कनेक्टरची खिट्टी सोडवून बाहेर काढा, केबलला धरून ओढू नका. उघड्या पडलेल्या बॅटरीच्या तोंडावर लगेच इन्सुलेटेड टोपी बसवा. तिथे मात्र मोजे शेवटपर्यंत हातातच. केबलचं टोक पेटीच्या आत बोल्टनं बांधलेलं असेल तर तिथेच थांबा. पेटी उघडणं हे वेगळं काम आहे आणि ते कंपनीच्या माणसाचंच आहे.

नवी केबल बसवण्याआधी ती दोन्ही टोकांना मोकळी असताना मेगरवर, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या यंत्रावर तपासा, तार ते शिल्डिंग. मेगर इन्व्हर्टरला जोडलेल्या केबलवर लावू नका, आतला इलेक्ट्रॉनिक भाग जाईल. वाट जुनीच ठेवा. प्रत्येक क्लिप आणि ग्रोमेट (भोकातलं रबरी कडं) जागेवर हवा, कडेला घासायला नको, वळण आवळून घ्यायचं नाही. बोल्ट मॅन्युअलच्या आकड्याला टॉर्क रेंचनं, आणि आवळल्यावर रंगाची रेघ. शिल्डिंगची पकड विसरू नका. इंटरलॉकचा छोटा कनेक्टर विसरला तर गाडी रेडीच होणार नाही. होत नाही म्हणून तो इंटरलॉक शॉर्ट करणारे मिस्त्री मी पाहिले आहेत. तसं करणाऱ्याला माझ्याकडे पुन्हा काम नाही. कनेक्टर अर्धवट सुटला तर वीज तोडायचं काम तोच करतो.

हे काम एकट्यानं करू नका. दुसरा माणूस नुसता उभा असला तरी चालेल, पण त्याला पुढच्या प्रश्नाचं उत्तर पाठ असलं पाहिजे.

आमचे हे अंगणातच गाड्यांची कामं करतात. आता इलेक्ट्रिक गाड्याही येतात. मी बऱ्याचदा घरी एकटीच असते. त्यांना शॉक बसला तर मी काय करू?
— एक ताई, चिक्कोडी

ताई, तुम्ही विचारलंत हे फार चांगलं केलंत. पहिली गोष्ट, त्यांना हात लावायचा नाही. हे सगळ्यात अवघड आहे, म्हणूनच आधीपासून मनाशी पक्कं करून ठेवा. शॉकमध्ये स्नायू आखडू शकतात, धरलेली वस्तू सुटेलच असं नाही, आणि तुम्ही धरलंत तर तुम्हालाही शॉक बसतो. त्यांच्याकडून एक इन्सुलेटेड रेस्क्यू हुक मागवून घ्या आणि गाडीजवळच भिंतीला टांगून ठेवा. तो नसेल तर कोरडी लाकडी काठी. पायात चप्पल हवी, ओल्या मातीवर अनवाणी जाऊ नका. ढकलून किंवा ओढून त्यांना सोडवा.

मग लगेच १०८ किंवा ११२. श्वास चालू नसेल तर छातीच्या बरोबर मध्यभागी दोन्ही हात एकावर एक ठेवून दाबा, ५ ते ६ सेंटीमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा. रुग्णवाहिका येईपर्यंत थांबू नका, शेजारच्यांना हाक मारा आणि आळीपाळीनं दाबा. ते उठून बसले आणि ‘काही नाही झालं’ म्हणाले, तरी दवाखान्यात नेऊन ईसीजी काढाच. हृदयाचे ठोके नंतरही बिघडू शकतात.

आणि एक माझ्याकडून. अंगण या कामासाठी नाही. पावसाची ओल, खेळणारी मुलं, येणारेजाणारे. ही गोष्ट तुम्ही त्यांना सांगितलीत तर ते ऐकतील.

कंपनीच्या केबलचा भाव ऐकून घाम फुटला. तेवढ्याच जाडीची वेल्डिंग केबल घेऊन लग दाबून देतो असं एक जण म्हणतो. फरक काय?
— तंबाखू वाहतूकदार, निपाणी

तांबं तेच असेल, बाकी काहीच तेच नाही. वेल्डिंगच्या केबलला शिल्डिंग नसतं आणि तिचं इन्सुलेशन एवढ्या व्होल्टेजसाठी केलेलं नसतं. पाणी, तेल, उष्णता आणि रोजचे हादरे यांचंही तेच. वर नारिंगी पाईप चढवला तर उलट वाईट, पुढचा मिस्त्री ती कंपनीचीच समजून काम करील.

लगचा, म्हणजे केबलच्या टोकाला दाबून बसवायच्या धातूच्या जोडाचा, मुद्दा त्याहून मोठा. २०० अँपिअर वाहत असताना जोडावर १ मिलिओहम रोध असला, तर तिथे ४० वॅट उष्णता तयार होते. सोल्डरिंगची इस्त्री जवळपास तेवढ्याचीच असते. ती तुमच्या गाडीच्या पोटाशी तासन्‌तास चालू आहे असं समजा. नीट दाबलेल्या लगवर हा रोध त्याच्या विसाव्या हिश्शालाही येतो, म्हणजे २ वॅट. हातोडीनं दाबलेल्या लगवर ती खात्री नाही. आणि डीसीची ठिणगी एकदा धरली की एसीसारखी आपोआप तुटत नाही. भाव जास्त आहे हे मान्य. तरी या एका जागी काटकसर करू नका.

जांबोटी–कणकुंबीच्या पावसात आमची व्हॅन रोज जाते. प्रेशरनं धुतली तर चालते का?
— दूध संकलन करणारे, खानापूर तालुका

पावसाला घाबरू नका. बॅटरीच्या पेटीवर आयपी ६७ असेल तर ती १ मीटर पाण्यात अर्धा तास टिकण्यासाठी तपासलेली असते. पण प्रेशरच्या धारेची चाचणी वेगळी, ती यात येत नाही. नारिंगी केबल आणि कनेक्टरवर धार मारू नका. चिखल ओल्या फडक्यानं पुसा, आणि तोही गाडी बंद असताना.

आमची मालाची तीनचाकी ४८ व्होल्टची आहे. तिलाही हे सगळं लागू आहे काय?
— संकेश्वर

६० व्होल्ट डीसीच्या वर गेलं की हाय व्होल्टेज. तुमची गाडी त्याच्या खाली आहे, त्यामुळे कोरड्या हाताला शॉकचा धोका फार कमी. पण शॉर्टचा धोका पूर्ण आहे. बॅटरीच्या दोन टोकांवर पाना आडवा पडला तर शेकडो अँपिअर वाहतात, पाना तिथेच चिकटतो आणि लाल होतो. बोटात अंगठी असेल तर बोट जातं. तुम्हीही अंगठी आणि कडं काढा, आधी मायनस सोडवा, सुटलेल्या टोकावर रबरी टोपी घाला आणि मगच प्लसला पाना लावा.