'बाप्तिस्मा' म्हणजे बारसं का? स्नान का?

प्रश्न असा आला आहे: एका ख्रिस्ती कुटुंबाच्या निमंत्रणपत्रिकेत "रविवारी सकाळी 10 वाजता बाळाचे बाप्तिस्मा (नामकरण) विधी होईल" असं वाक्य आहे. कंसातला शब्द बरोबर आहे का? 'बाप्तिस्मा' परका वाटतो, तर त्याऐवजी 'स्नान' किंवा 'स्नानसंस्कार' लिहिलं तर चालेल का? आणि बाप्तिस्मा करतात, देतात की घेतात?

कंस आणि कंसातला शब्द आधी काढून टाका. का, ते पुढे येईल. पण सुरुवात मूळ शब्दापासून करायला हवी, कारण तिन्ही प्रश्नांची उत्तरं तिथेच आहेत.

ग्रीकमध्ये 'बाप्तो' म्हणजे बुचकळणे. कापड रंगात बुडवून काढण्यालाही हेच क्रियापद. त्यावरून 'बाप्तिझो' झालं: पुरतं बुडवणे, पाण्याखाली नेणे. याचा जुना वापर पाहिला की आपला 'बुडणे' आठवल्याशिवाय राहत नाही. जहाज बुडतं तिथे हेच क्रियापद, माणूस कर्जात बुडतो तिथेही हेच. प्लेटोच्या 'सिम्पोझियम' या संवादात आदल्या रात्री दारूत 'बुडालेला' माणूसही याच शब्दाने बोलतो. म्हणजे शब्द मुळात धार्मिक नव्हता, रोजच्या बोलण्यातला होता. त्याला 'मा' प्रत्यय लागून 'बाप्तिस्मा' हे नाम झालं, आणि ते ख्रिस्ती लेखनातच रूढ झालं. भांडी धुणं किंवा इतर विधींतलं क्षालन यासाठी बायबलच्या नव्या करारात 'बाप्तिस्मोस' असं वेगळं रूप येतं (मार्क 7:4). हा फरक मराठी भाषांतरांनीही पाळला आहे: तिथे 'धुणे' किंवा 'क्षालन', इथे 'बाप्तिस्मा'.

जाता जाता, 'बाप्टिस्मा' असं लिहू नये. तो 'ट' इंग्रजी उच्चारावरून येतो. ग्रीक वर्ण दंत्य आहे आणि मराठीत 'त' असताना 'ट' कशाला?

आता 'स्नान'. अर्थाने हा शब्द अगदीच परका नाही. तीताला पत्र 3:5 मध्ये नव्या जन्माच्या स्नानाचा उल्लेख आहे, आणि मराठी कॅथलिक लेखनात 'स्नानसंस्कार' चांगला रुळलेला आहे. अडचण 'संस्कार' काढून नुसतं 'स्नान' म्हणण्यात आहे. स्नान आपण स्वतः करतो, आणि पुन्हा पुन्हा करतो. बाप्तिस्मा स्वतःचा स्वतः करता येत नाही आणि आयुष्यात एकदाच होतो. शब्द निवडताना हा फरक सांभाळायचा आहे.

जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात नामान हा सेनापती कोड बरं व्हावं म्हणून यार्देन नदीत 7 वेळा बुडी मारतो (2 राजे 5:14). तिथे क्रियापद 'बाप्तिझो'च आहे, पण बुडी त्याची त्याने मारलेली, आणि ती सात वेळा. यहुदी शुद्धीकरणाच्या 'मिक्वे' कुंडातही माणूस स्वतःच उतरून बुडी मारतो. येशूच्या काळातला संदेष्टा योहान, त्याच्याकडे मात्र लोक जात आणि तो आपल्या हाताने त्यांना पाण्यात बुडवी. म्हणून तर त्याला 'बाप्तिस्मा करणारा योहान' हे बिरुद चिकटलं. सगळे आपापली बुडी मारत असते तर असं बिरुद कुणाला मिळालंच नसतं.

पुढेही हा दंडक टिकला. 1609 मध्ये ॲम्स्टरडॅममध्ये जॉन स्मिथ या इंग्रज धर्मोपदेशकाने आपल्याला बाप्तिस्मा देण्याजोगा कुणी उरला नाही असं मानून स्वतःच्याच डोक्यावर पाणी ओतून घेतलं. त्यावर एवढी टीका झाली की पुढे त्याला स्वतःलाही आपलं चुकलं असं वाटू लागलं.

एकदाच, यालाही तसंच वजन आहे. कॅथलिक शिकवणीनुसार बाप्तिस्म्याने आत्म्यावर न पुसणारी मुद्रा उमटते, म्हणून तो पुन्हा देत नाहीत. आधी झाला होता की नाही याची खरोखर शंका असेल, तर "तुझा बाप्तिस्मा झालेला नसेल, तर मी तुला बाप्तिस्मा देतो…" अशी अट घालून देतात. 1525 मध्ये झुरिचमध्ये ज्यांनी तान्हेपणीचा बाप्तिस्मा अमान्य करून मोठेपणी तो घेतला, त्यांना विरोधकांनी 'ॲनाबॅप्टिस्ट', म्हणजे 'पुन्हा बाप्तिस्मा करणारे', असं नाव ठेवलं. त्यांना ते कधीच मान्य नव्हतं: पहिला बाप्तिस्मा नव्हताच, मग दुसरा कसा? त्यांच्यातल्या फेलिक्स मांझला 1527 च्या जानेवारीत लिमाट नदीत बुडवून मारण्यात आलं.

पाणी मळ काढण्यासाठी आहे ही समजूत पेत्राच्या पहिल्या पत्रातच (3:21) स्पष्ट खोडून काढली आहे. तिथे म्हटलं आहे की हे शरीराचा मळ काढणं नव्हे. प्रेषित पौल तर थेट स्मशानाची भाषा बोलतो: बाप्तिस्म्यात माणूस ख्रिस्ताबरोबर पुरला जातो आणि त्याच्याबरोबर नव्या जीवनात उठतो (रोमकरांस 6:3-4). पाण्याखाली जाणं म्हणजे मरण, वर येणं म्हणजे पुनरुत्थान. क्षमा, पवित्र आत्म्याचं दान आणि मंडळीत प्रवेश हे बाकीचे अर्थ या घटनेभोवती येतात. येशूने आपल्या दुःखभोगाला 'बाप्तिस्मा' म्हटलं (मार्क 10:38, लूक 12:50), तेही यामुळे. तिथे 'स्नान' घालून वाचून पाहा, वाक्य कोसळतं.

मग 'निमज्जन' का नको? मूळ अर्थाला तो सगळ्यात जवळचा आहे. पण तो लिहिला की कुणाला बाप्तिस्मा झाला आणि कुणाला नाही याचा निकाल भाषांतरकारच देऊन बसतो. बॅप्टिस्ट आणि पेंटेकॉस्टल मंडळ्यांत पूर्ण बुडवतात. ऑर्थोडॉक्स चर्च तान्ह्या बाळालाही 3 वेळा बुडवतं. कॅथलिक विधीत बुडवणं किंवा डोक्यावर 3 वेळा पाणी ओतणं, दोन्ही चालतं, आणि काही प्रोटेस्टंट मंडळ्या शिंपडतात. 'डिडाखे' या फार जुन्या ख्रिस्ती नियमावलीत याचा क्रमच दिला आहे: वाहतं पाणी, ते नसेल तर दुसरं, थंड, ते जमत नसेल तर कोमट, दोन्ही पुरेसं नसेल तर डोक्यावर 3 वेळा ओता. या शब्दावरून संस्थाही फुटल्या आहेत. बॅप्टिस्ट मिशनऱ्यांनी बंगाली नव्या करारात 'बाप्तिझो'चं भाषांतर 'बुडवणे' या अर्थाने केलं. बायबल सोसायट्यांनी त्याला मदत नाकारली, आणि त्या वादातून 1836 मध्ये अमेरिकेत व 1840 मध्ये इंग्लंडमध्ये बॅप्टिस्टांनी वेगळ्या संस्था काढल्या. उसना ग्रीक शब्द ठेवला की हा वाद शब्दात शिरत नाही. मला हाच मार्ग योग्य वाटतो. पत्रिका कॅथलिक कुटुंबाची असेल तर 'स्नानसंस्कार' बेलाशक ठेवा. तो त्यांचा शब्द आहे.

क्रियापदाचं उत्तर आता सोपं आहे. देणारा देतो किंवा करतो, घेणारा घेतो, आणि बाळाचा 'होतो'. प्रेषितांची कृत्ये 22:16 मध्ये हनन्या हा शिष्य शौलाला (म्हणजे पौलालाच) म्हणतो, ऊठ, बाप्तिस्मा घे. ग्रीकमध्ये तिथे मध्यम प्रयोग आहे, 'स्वतःला करवून घे' या अर्थाचा. आपला 'घे' तिथे इतका नेमका बसतो की त्याहून चांगलं भाषांतर सुचत नाही. दीक्षेसारखंच आहे हे: एक देतो, दुसरा घेतो. पाश्चात्त्य विधीत देणारा "मी तुला बाप्तिस्मा देतो" म्हणतो, तर ऑर्थोडॉक्स विधीत "देवाचा सेवक अमुक याचा बाप्तिस्मा होत आहे" असा कर्मणी थाट असतो. दोन्ही ग्राह्य. पण 'मी'च्या जागी 'आम्ही' घातलं तर? व्हॅटिकनने ऑगस्ट 2020 मध्ये तसे बाप्तिस्मे अग्राह्य ठरवले, कारण देणारा ख्रिस्ताच्या वतीने देतो, जमलेल्या मंडळींच्या वतीने नव्हे. त्यानंतर अमेरिकेत एका पाद्रींना आपल्या बालपणीच्या चित्रफितीत 'आम्ही' ऐकू आलं आणि त्यांना बाप्तिस्म्यापासून पाद्रीपदाच्या दीक्षेपर्यंत सगळं नव्याने घ्यावं लागलं. द्रवाचंही तसंच: 1241 मध्ये पोप नववे ग्रेगरी यांनी नॉर्वेच्या आर्चबिशपना कळवलं होतं की बिअरने दिलेला बाप्तिस्मा धरला जाणार नाही. पाणीच हवं.

राहिलं नामकरण. कॅथलिक विधीच्या आरंभी आईवडिलांना बाळाचं नाव विचारतात. पण विचारतात म्हणजे नाव आधीच ठरलेलं असतं. घोटाळा झाला तो नोंदींमुळे. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेने 1563 मध्ये बाप्तिस्म्याची वही ठेवणं बंधनकारक केलं, आणि कित्येक ठिकाणी माणसाच्या नावाचा पहिला कागदी पुरावा तीच वही ठरली. इंग्रजीत तर बाळाच्या बाप्तिस्म्याचा एक शब्द 'नाव ठेवणे' या अर्थानेही वापरतात. आपल्या भाषांतरांत 'नामकरण' बहुधा तिथूनच घुसतं. नव्या करारात बाप्तिस्म्याने कुणाचं नाव बदलत नाही. शौलाचा बाप्तिस्मा कृत्ये 9:18 मध्ये होतो, आणि त्यानंतरही तो शौलच राहतो. 'पौल' हे त्याचं दुसरं नाव 13:9 मध्ये सहज येतं, त्याचा पाण्याशी संबंध नाही.

बाप्तिस्म्याच्या शब्दांत नाव आहे, पण ते घेणाऱ्याचं नाव नव्हे. मत्तय 28:19 मध्ये पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने बाप्तिस्मा द्यायला सांगितलं आहे. तिथे 'नाव' एकवचनी आहे, आणि आपण 'नावाने' म्हणतो तिथे ग्रीक अव्यय 'कडे', 'आत' असा अर्थ सुचवतं. हाच शब्दसमूह जुन्या ग्रीक हिशेबाच्या कागदांत रक्कम कुणाच्या खात्यात टाकताना येतो, म्हणून काही अभ्यासक इथेही तोच अर्थ घेतात. मराठीत जमीन कुणाच्या 'नावावर' करतात, तसं. बारशात बाळाला नाव मिळतं. इथे बाळ एका नावावर चढतं.

शेवटी लिंग. ग्रीकमध्ये हे नाम नपुंसकलिंगी आहे, पण मराठीने अंती 'आ' पाहून त्याला पुल्लिंगी केलं. 'चष्मा'सारखं चालवा: चष्मा, चष्म्याचा, चष्मे, बाप्तिस्मा, बाप्तिस्म्याचा, बाप्तिस्मे. 'बाळाचे बाप्तिस्मा' नव्हे, आणि 'विधी' शब्दाचीही गरज नाही. पत्रिकेत एवढंच छापा: "रविवारी सकाळी 10 वाजता बाळाचा बाप्तिस्मा होणार आहे."