ॲक्रिलिकमध्ये हात बसलेला असताना जलरंगात प्रत्येक चित्र मळकट का होतं? नाद सोडून द्यावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बरीच वर्षं ॲक्रिलिकमध्ये काम, चित्रं विकलीही जातात. उन्हाळ्यात हौसेने जलरंग घेतले. नाशिकला गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर, बसून नारोशंकराचं देऊळ रंगवायला घेतलं की आधी फिकं वाटतं आणि दुरुस्त करता करता मळकट होतं. आता इतकी चिडचिड होते की ॲक्रिलिकलाही हात लावावासा वाटत नाही. त्यात दिवाळीच्या सुमारास एक समूह प्रदर्शन आहे आणि तिथे जलरंगच मांडायचे मनात आहे.

‘आधी फिकं, मग मळकट’ हा क्रम तुम्हीच लिहिलाय, आणि निम्मं उत्तर त्यातच आहे. ॲक्रिलिक ओलं असताना त्यातलं बाइंडर, म्हणजे रंग धरून ठेवणारं द्रव्य, दुधट असतं. वाळताना ते पारदर्शक होतं, त्यामुळे रंग थोडा गडद होतो. इतक्या वर्षांत तुमच्या नजरेने हा फरक गृहीत धरलाय, पॅलेटवर तुम्ही नकळत जरा उजळच रंग कालवता. जलरंगाचा कारभार बरोबर उलटा. ओला असताना गडद दिसतो, वाळला की फिका पडतो. मग सवयीने उजळ कालवलेला रंग आणखीच उतरतो. तुम्ही त्यावर दुसरा हात देता, तोही उतरतो. तिसऱ्या हाताला खालचे थर ढवळले जातात, कारण जलरंगातला डिंक पाणी लागलं की पुन्हा सुटतो. ॲक्रिलिकचा थर एकदा वाळला की वरून कितीही पाणी फिरवा, तो हलत नाही. तुम्ही त्याच भरवशावर ब्रश चालवताय.

म्हणजे तुमची वर्षं वाया गेली नाहीत, पण आत्ता आडवी तीच येताहेत. माझ्याकडे शनिवार-रविवार शिकायला येणाऱ्यांत हे नेहमी दिसतं. ज्याने कधी ब्रशच धरला नाही तो पहिल्या आकाशावर खूश असतो, मोबाइलवर फोटो काढून घरी पाठवतो. तैलरंग किंवा ॲक्रिलिक करून आलेला माणूस तसंच आकाश बघून कागद फाडायला निघतो. त्याला चूक दिसते, फक्त ती टाळायची कशी हे हाताला अजून माहीत नसतं. चिडचिड होते ती इथे.

आता नारोशंकराकडे येऊ, कारण विषयही तुम्ही अवघड निवडलाय. काळ्या पाषाणाचं, 1747 सालचं देऊळ. ॲक्रिलिकमध्ये तुम्ही आधी गडद पाया घालत असणार आणि शिखरावरचं ऊन शेवटी पांढरा मिसळून वर आणत असणार. जलरंगात ते ऊन सर्वांत आधी येतं. आकाश आणि दगडाची उजेडातली बाजू एकाच पातळ, उबदार वॉशमध्ये, म्हणजे पाणीदार रंगाच्या सलग हातात, घ्या, पूर्ण वाळू द्या आणि मग सावली एकदाच लावा. ट्यूबमधला काळा नको. बर्न्ट सिएना आणि अल्ट्रामरीन यांचं मिश्रण करा, आणि ते ताकासारखं नको, दह्यासारखं हवं. कागदावर लावल्यावर ‘अरे, फार गडद झालं’ असं वाटलं पाहिजे. तसं वाटलं तर वाळल्यावर ते बेताचं होईल.

दुसरी गोष्ट पायऱ्यांवर वाळत घातलेल्या कपड्यांची. गंगेवरच्या चित्रात एखादं पांढरं धोतर असतंच. ॲक्रिलिकवाला म्हणतो, शेवटी टायटॅनियम व्हाइटचा एक फटकारा मारू. इथे ते धोतर म्हणजे कोरा कागद. रंगाला हात लावण्याआधी पेन्सिलीने त्याची कड आखून ठेवायची आणि पहिल्या वॉशपासून ब्रश तिच्या बाहेरून फिरवायचा. राहून गेलंच तर थोडा पांढरा गुआश, म्हणजे अपारदर्शक जलरंग, वापरा. शुद्धतावादी नाक मुरडतील, मुरडू द्या.

सगळ्यात जास्त चित्रं मात्र बिघडतात ती वेळेमुळे. ओला कागद डोळ्याच्या रेषेत तिरका धरून बघा. आधी पाणी साचल्यासारखी चकाकी असते. मग ती मंदावते, मऊ होते. मग चकाकी जाते, पण बोटांची मागची बाजू टेकवली तर कागद गार लागतो. हा गारवा गेला की कागद वाळला. चकाकी असताना रंग सोडला तर तो छान पसरतो. गारवाही गेल्यावर लावला तर स्वच्छ कडा मिळते. मधल्या अवस्थेत, म्हणजे चकाकी जात असताना किंवा नुकती गेल्यावर, पाणचट ब्रश लावलात की फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे डाग उठतात. नेमक्या त्याच वेळी आपल्याला ‘एवढं जरा नीट करू’ ही हुक्की येते. तेव्हा ब्रश खाली ठेवायचा आणि चहा घ्यायचा.

ही वेळ ऋतूप्रमाणे बदलते, हे परदेशी व्हिडिओ बघून कळत नाही. एप्रिल-मेच्या दुपारी घाटावरच्या दुतोंड्या मारुतीसमोर बसलात तर आकाशाच्या खालच्या टोकाला पोचेपर्यंत वरचं टोक वाळलेलं असतं. तेव्हा सकाळी लवकर जा, कागद दोन्ही बाजूंनी भिजवून प्लॅस्टिकच्या शीटवर चिकटवा, पाण्यात ग्लिसरीनचा थेंब टाका. जुलै-ऑगस्टमध्ये उलटं दुखणं, वॉश वाळता वाळत नाही. घरी हेअर ड्रायर वापरा, त्यात कमीपणा नाही. तुम्ही उन्हाळ्यात सुरुवात केलीत आणि आता पावसाळा लागलाय, म्हणजे एका हवेचा अंदाज येतो न येतो तोच दुसरी हवा आली.

पावसाळ्यात कागदही दगा देतो. त्यावर असलेलं सायझिंग, म्हणजे रंग लगेच आत मुरू नये म्हणून दिलेली खळ, दमटपणाने खराब होतं आणि मग रंग टिपकागदात शिरावा तसा आत शिरतो. सगळा दोष स्वतःकडे घेण्याआधी कागदाच्या कोपऱ्यावर एक पट्टा ओढून बघा. न वापरलेले कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. कागद शंभर टक्के कॉटनचा, 300 जीएसएमचा घ्या. महाग आहे, म्हणून 22 × 30 इंचांच्या शीटचे आठ तुकडे करा. स्वस्त कागदावर जलरंग शिकणं म्हणजे पैसे वाचवून मनस्ताप विकत घेणं.

‘प्रक्रियेचा आनंद घ्या’ वगैरे मी सांगणार नाही, त्या कागदाची किंमत बघता ते शक्यही नाही. काही आठवडे देऊळ बाजूला ठेवा. तुकड्यांवर फक्त पट्टे काढा, ओले असताना फोटो काढा, वाळल्यावर शेजारी ठेवून बघा. रंग किती उतरतो हे नजरेला एकदा कळलं की निम्मी भांडणं मिटतात. कुठला रंग ओल्या ब्रशने उचलता येतो तेही तपासा. अल्ट्रामरीन बऱ्यापैकी सुटतो, थॅलो ब्लू कागदाला धरून बसतो. नंतर छोटी चित्रं एकाच रंगात करा. नाशिककराला शिवाजी तुपे यांची निसर्गचित्रं नव्याने सांगायला नकोत, पण आता ती बघताना विषय सोडा आणि कोरा कागद कुठे कुठे राखलाय तेवढंच शोधा.

ॲक्रिलिक अजिबात बंद करू नका. आठवड्यात एक-दोन दिवस तरी कॅनव्हाससमोर उभ्या राहा, नाहीतर आपल्याला काहीच येत नाही असं खरंच वाटू लागतं. हवं तर त्याच ट्यूबा भरपूर पाण्यात पातळ करून कागदावर वापरा. खालचा थर हलणार नाही, त्यामुळे फक्त पांढरं राखायचा सराव निवांत होईल. हिवाळा संपेपर्यंत हे करून बघा. तेव्हाही पाण्याचं वागणं आवडलं नाही तर खुशाल सोडा, प्रत्येक माध्यम प्रत्येकाला मानवलंच पाहिजे असा नियम नाही.

दिवाळीच्या प्रदर्शनात मात्र ॲक्रिलिकच मांडा. शिकत असलेल्या कागदांना तारखेचा धाक घालू नका, तारीख आली की माणूस तिसरा हात देतोच. एखादं छोटं जलरंग फार आवडलं तर ठेवा, पण फ्रेमवाल्याला माउंट, म्हणजे काच आणि चित्र यांच्यात अंतर ठेवणारी पुठ्ठ्याची चौकट, घालायला सांगा. काच थेट कागदाला टेकली तर आपल्याकडच्या पावसाळ्यात त्यावर बुरशी धरते.